चिमूटभर नसल्याने काय होते?

मुलांना घेऊन आम्ही एकदा गावाजवळच्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडवर गेलो होतो. मालकांनी खाद्याची खोली उघडून दाखवली. मक्याचा भरडा आणि सोयाबीनची पेंड यांचे ढीग होते, तेलाचा डबा होता. शेवटी त्यांनी कोपऱ्यातली एक लहानशी पिशवी उघडली. आत फिकट रंगाची भुकटी होती. ‘हे प्रीमिक्स. टनाला थोडेसेच लागते,’ ते म्हणाले. नववीतल्या एका मुलीने विचारले, ‘एवढेसे घातले नाही तर काय होईल?’ मालक म्हणाले, ‘पंधरा-वीस दिवसांत पिल्ले पायांवर उभी राहायची बंद होतील.’

मुले गप्प झाली. आम्हीही झालो. टनभर मका आणि पेंड समोर असताना पिल्लू उपाशी राहील असे कोणालाच वाटत नव्हते. पिशवीवर वीस-बावीस नावे छापलेली होती : जीवनसत्त्व ‘अ’, ‘ड३’, ‘ई’, ‘के’, ‘ब’ गटातली बरीचशी आणि खाली मॅंगनीज, जस्त, लोह, तांबे, आयोडीन, सेलेनियम. पाठ्यपुस्तकात आपण ही नावे तक्त्यात वाचतो आणि तक्त्यातच विसरतो. पण यातल्या बहुतेक नावांमागे एखादे आजारी पिल्लू आहे आणि ते का आजारी पडले हे न कळल्याने हैराण झालेला एखादा शास्त्रज्ञ आहे. त्यातल्या काहींची गोष्ट आपण पाहू.

बटाव्हियाचे खुराडे

ही गोष्ट सुरू होते ती आजच्या इंडोनेशियातल्या जाकार्ता शहरात. तेव्हा तिथे डच लोकांचे राज्य होते आणि शहराचे नाव बटाव्हिया होते. सैन्यात आणि तुरुंगांत बेरीबेरीने माणसे मरत. पाय बधिर होत, चालता येत नसे, शेवटी हृदय थांबे. ख्रिस्तियान आइकमान हा डच लष्करी डॉक्टर या रोगाचा जंतू शोधत होता. तो काळ पाश्चर आणि कॉख यांच्या यशाचा होता. रोग म्हटला की जंतू असणारच, अशी सर्वांची खात्री होती.

१८९० च्या सुमारास प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लंगडू लागल्या. त्यांची लक्षणे बेरीबेरीसारखी होती. आइकमानने जंतू शोधला, तो सापडला नाही. काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या! चौकशी केल्यावर कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा स्वयंपाकी आला आणि कोंबड्यांना तो भात द्यायला त्याने नकार दिला. मग त्यांना पुन्हा साधा, कोंडा असलेला तांदूळ मिळू लागला.

आइकमानने प्रयोग करून दाखवले की पॉलिश केलेल्या तांदळाने कोंबड्या आजारी पडतात आणि कोंडा दिला की बऱ्या होतात. हेच माणसांतही घडते का? त्याचा मित्र व्होर्डरमन याने जावामधल्या १०१ तुरुंगांची पाहणी केली. कोंड्यासह तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत साधारण दहा हजार कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होती, तर पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत ३९ कैद्यांमागे एकाला.

एवढा पुरावा हाती असूनही आइकमानने निष्कर्ष काढला तो असा : पांढऱ्या तांदळात एक विष असावे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. ‘काहीतरी आहे म्हणून रोग होतो’ या चौकटीबाहेर त्याचे मन जाईना. त्याच्याच जागी काम करणाऱ्या गेरिट ग्रिन्सने १९०१ मध्ये चौकट उलटी केली. विष वगैरे काही नाही, शरीराला आवश्यक असे काहीतरी पांढऱ्या तांदळात नाही, म्हणून रोग होतो, असे त्याने मांडले. १९१२ मध्ये कॅझिमिर फुंक याने अशा पदार्थांना ‘व्हिटामिन’ हे नाव सुचवले. १९२६ मध्ये बटाव्हियातच यान्सेन आणि डोनाथ यांनी कोंड्यातून त्या पदार्थाचे स्फटिक मिळवले. तेच आपले ‘ब१’. १९२९ चे नोबेल पारितोषिक आइकमानला हॉपकिन्स यांच्याबरोबर विभागून मिळाले. ग्रिन्सला मात्र त्यात वाटा नव्हता.

जे आहे ते दिसते, मोजता येते. जे नाही ते कसे दाखवायचे? यापुढची सगळी गोष्ट या एका प्रश्नाची आहे.

छपराखालची पिल्ले

गावरान कोंबडीला कोणी जीवनसत्त्वे देत नाही. ती उकिरडा उकरते, किडे-मुंग्या वेचते, कोवळे गवत खुडते, मातीत लोळते, उन्हात बसते. तिला लागणारे सगळे ती स्वतः गोळा करते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतही कोंबड्या अशाच परसात वाढत. पिल्ले वसंतात काढायची, कारण हिवाळ्यात शेडमध्ये वाढवलेली पिल्ले जगत नसत. त्यांचे पाय वाकडे होत आणि ती बसकण मारत. याला ‘पायांची दुर्बलता’ एवढेच नाव होते.

विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक यांनी १९२० च्या सुमारास या पिल्लांकडे लक्ष दिले. लहान मुलांना होणारा मुडदूस तोच हा रोग, असे दिसून आले. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले की पिल्ले बरी होत, उन्हात सोडली तरीही बरी होत. पण खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगी पडत नसे, कारण त्यातले कामाचे अतिनील किरण साधी काच अडवते. म्हणजे भरपूर उजेडाच्या शेडमध्येही पिल्लू ‘अंधारात’च होते! खाद्यात चुना असून उपयोग नव्हता. तो आतड्यातून रक्तात पोचवणारे ‘ड’ जीवनसत्त्व नव्हते. १९२४ मध्ये स्टीनबॉकने दाखवले की खाद्यपदार्थांवरच अतिनील किरण टाकले तर त्यांत हा गुण येतो.

पुढे एक कोडे उभे राहिले. यीस्टसारख्या पदार्थांतल्या एर्गोस्टेरॉलवर किरण टाकून केलेले ‘ड’ उंदरांचा मुडदूस झटकन बरा करी, पण पिल्लांवर त्याचा फारसा परिणाम होत नसे. माशाच्या तेलातले ‘ड’ मात्र दोघांनाही चाले. १९३० च्या दशकात उलगडा झाला : ‘ड’ एक नाही. वनस्पतिजन्य ते ड२, प्राण्यांतले ते ड३. कोंबडीला ड२ जवळजवळ निरुपयोगी. प्रीमिक्सच्या पिशवीवर नुसते ‘ड’ न लिहिता ‘ड३’ का लिहितात, याचे उत्तर हे आहे. एका प्राण्यावर केलेले माप दुसऱ्याला लावू नये, हा धडाही त्यात आहे.

याच सुमारास, १९२३ मध्ये, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात सेलिया स्टील या गृहिणीने अंड्यांसाठी ५० पिल्ले मागवली होती. चुकून ५०० आली. तिने ती परत न करता वाढवली आणि जगलेली ३८७ पिल्ले, साधारण दोन पौंडांची झाल्यावर, खाण्यासाठी विकली. नफा एवढा झाला की तीन वर्षांत तिने दहा हजार पक्ष्यांची शेड बांधली. केवळ मांसासाठी कोंबडी वाढवण्याच्या धंद्याची सुरुवात इथे मानतात. पण बारा महिने छपराखाली पक्षी वाढवायचे तर सूर्याची जागा कशाने तरी भरावी लागणार होती. ती माशाच्या तेलाने भरली.

रक्त गोठेना

परसातून शेडमध्ये आणल्यावर पिल्लाचे ऊन गेले. प्रयोगशाळेत तर शास्त्रज्ञ त्याच्या खाद्यातली एकेक गोष्ट मुद्दाम काढून घेऊ लागले. ही वजाबाकीची पद्धत. खाद्यात फक्त शुद्ध, माहीत असलेले पदार्थ ठेवायचे आणि पिल्लाला काय होते ते पाहायचे. पिल्लू या कामाला सोयीचे होते. ते झपाट्याने वाढते, त्यामुळे कमतरता काही आठवड्यांतच दिसते. शिवाय त्याचे आतडे आखूड असल्याने आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेल्या जीवनसत्त्वांचा त्याला फारसा आधार मिळत नाही.

कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम १९२९ पासून पिल्लांवर काम करत होता. त्याचा प्रश्न वेगळाच होता : कोलेस्टेरॉल शरीरात तयार होते का? त्यासाठी त्याने मेद काढून टाकलेले खाद्य दिले. पिल्लांच्या कातडीखाली आणि स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला आणि रक्त गोठायला फार वेळ लागू लागला. लिंबाचा रस देऊन पाहिला, तो चालला नाही. माहीत असलेल्या इतर जीवनसत्त्वांनीही काम भागले नाही. हिरवा पाला आणि यकृत यांनी मात्र गुण आला. १९३५ मध्ये त्याने या नव्या पदार्थाला ‘के’ असे नाव दिले. रक्त गोठण्याच्या क्रियेला डॅनिश आणि जर्मन भाषांत असलेल्या शब्दाचे ते पहिले अक्षर. अमेरिकेत एडवर्ड डॉइझीने त्याची रचना शोधली आणि १९४३ चे नोबेल दोघांना मिळाले. आज नवजात बालकाला जन्मानंतर लगेच ‘के’ चे इंजेक्शन देतात, ते या पिल्लांचेच देणे आहे.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

जीवनसत्त्वांइतकीच बोलकी गोष्ट खनिजांची. ‘ड’ मिळू लागल्यावरही काही शेडमध्ये पिल्लांचे पाय बिघडत. हे दुखणे निराळे होते. घोट्याचा सांधा सुजे, त्यावरची कंडरा बाजूला घसरे आणि पाय वाकडा फिरे. हाडांचा रोग म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी साहजिकच हाडांचा चुरा वाढवला. रोग हटला नाही, उलट वाढला.

कॉर्नेल विद्यापीठात विल्गस, नॉरिस आणि ह्यूजर यांनी १९३६ मध्ये कारण शोधले. खाद्यात मॅंगनीज कमी पडत होते. कूर्चेची घडण होताना जी विकरे काम करतात त्यांतल्या काहींना मॅंगनीज लागते. ते नसेल तर हाडाची लांबी नीट वाढत नाही. हाडांच्या चुऱ्यातले कॅल्शियम आणि स्फुरद जास्त झाले की आतड्यात मॅंगनीज अडकून पडते आणि होते तेही रक्तात जात नाही. औषध म्हणून दिलेलाच पदार्थ रोग वाढवत होता. लागणारे मॅंगनीज किती? किलोभर खाद्यात सुमारे ६० मिलिग्रॅम. म्हणजे टनात ६० ग्रॅम.

टॉनिकच्या बाटल्यांवर विश्वास ठेवणाऱ्या पालकांना ही गोष्ट जरूर सांगावी. शरीरातली खनिजे एकमेकांशी झगडतात. एकाचे माप वाढवले की दुसऱ्याचे कमी पडू शकते.

मुंबईच्या गिरणीपासून न्यूयॉर्कपर्यंत

आता थोडे आपल्याकडे येऊ. १९२८ मध्ये लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईला आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक तीव्र पंडुरोग होत असे. तिला त्याचे कारण शोधायचे होते. त्यातही जंतू सापडला नाही. यीस्टचा अर्क दिल्यावर मात्र स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. तिने १९३१ मध्ये हे प्रसिद्ध केले. अर्कात काय आहे हे माहीत नव्हते, म्हणून लोक त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

तिकडे अमेरिकेत १९४० च्या आसपास शुद्ध खाद्यावरची पिल्ले पंडुरोगाने मरत होती आणि त्यांनाही यीस्ट व यकृत यांतल्या अनोळखी घटकाने गुण येत होता. जंतू वाढवणाऱ्या तिसऱ्या गटाला तसाच एक घटक पालकाच्या भाजीत सापडला. या सर्व वाटा एकाच पदार्थाशी मिळाल्या : फॉलिक आम्ल. १९४५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. गिरणीतली स्त्री आणि शेडमधले पिल्लू यांची उणीव एकच होती.

एक घटक तरीही हाती लागत नव्हता. नुसत्या सोयाबीनच्या पेंडीवर पिल्ले खुरटत. थोडी मासळीची कुटी घातली की वाढत. एवढेच काय, खालच्या भुशात आणि विष्ठेत चोच मारणारी पिल्लेही बरी वाढत! १९४८ मध्ये हा घटक यकृतातून वेगळा झाला. तो म्हणजे ‘ब१२’, पोटात कोबाल्टचा एक अणू बाळगणारे जीवनसत्त्व. ते वनस्पती बनवत नाहीत, जंतू बनवतात. भुशातल्या जंतूंचेच ते काम होते. पिल्लाला ते टनभर खाद्यात अवघे १० मिलिग्रॅम लागते. शेंगदाण्याच्या दाण्याचे वजनही त्याहून कितीतरी जास्त भरेल.

याच वाटेवर एक वळण लागले. लेडर्लीमध्ये स्टॉकस्टॅड आणि जूक्स ‘ब१२’ चा स्वस्त स्रोत म्हणून ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या उत्पादनातला उरलेला चोथा पिल्लांना देऊन पाहत होते. पिल्ले ‘ब१२’ च्या हिशोबापेक्षा जास्त वाढली. चोथ्यात राहिलेल्या प्रतिजैविकाचा तो परिणाम होता. त्यानंतर जगभर वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा पडली आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रश्न तिने बिकट केला. युरोपीय संघाने २००६ पासून ही प्रथा बंद केली. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत वापरण्यावर बंदी घातली. जीवनसत्त्व शरीराची उणीव भरते, प्रतिजैविक तसे करत नाही. एकाच पिशवीतून आले तरी दोन्ही एक नव्हेत, हे मुलांना कळायला हवे.

विष आणि मांस

सेलेनियम हे मूलद्रव्य १९३० च्या दशकात विष म्हणून प्रसिद्ध होते. अमेरिकेत काही भागांतल्या जमिनीत ते जास्त असते. तिथली झाडे खाऊन गुरांचे खूर झडत. १९५७ मध्ये क्लाउस श्वार्ट्झ यांनी दाखवले की अगदी सूक्ष्म प्रमाणात तेच उंदराच्या यकृताला वाचवते. त्याच वर्षी पिल्लांतल्या एका रोगावरही सेलेनियम लागू पडल्याचे दिसले. त्या रोगात केशवाहिन्या झिरपतात आणि छातीच्या कातडीखाली हिरवट पाणी साठते. विष म्हणून ओळख झालेला पदार्थ खाद्यात घालायला अमेरिकेत १९७४ पर्यंत परवानगी नव्हती. गरज टनाला केवळ ०.१५ ग्रॅमची!

सेलेनियम आणि ‘ई’ जीवनसत्त्व जोडीने काम करतात. पेशींच्या पटलांत मेद असतो आणि ऑक्सिजन त्याला खवट करू पाहतो. ‘ई’ त्या पटलात बसून ही साखळी तोडते आणि सेलेनियम असलेले एक विकर तयार झालेली पेरॉक्साइडे नष्ट करते. हे काम पक्षी मेल्यावरही संपत नाही. गरजेहून अधिक ‘ई’ खाल्लेल्या कोंबडीच्या मांसात ते साठून राहते आणि शीतपेटीत ठेवलेले मांस उशिरा खवट होते. ‘ई’ हे वाढीसाठी थोडे लागते, मांस टिकण्यासाठी जास्त. खाद्याचा परिणाम ताटापर्यंत पोचतो तो असा. कातडीचा पिवळा रंग मात्र मक्यातल्या रंगद्रव्यांचा असतो. तो पौष्टिकपणाची खूण नव्हे.

श्रेय कोणाचे?

आजचा ब्रॉयलर दीड महिन्यात दोन-अडीच किलोंचा होतो, तो या चिमटीमुळे का? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात २००१ मध्ये हे तपासले गेले. १९५७ पासून जशीच्या तशी राखलेली जुनी जात १९५७ च्या खाद्यावर ४२ दिवसांत सुमारे ५४० ग्रॅम भरली. नवी जात नव्या खाद्यावर सुमारे २,६७० ग्रॅम. खाद्ये आलटून पालटून दिल्यावर हिशोब असा निघाला : फरकातला ८५ ते ९० टक्के भाग निवडक पैदाशीचा, उरलेला खाद्याचा. ‘कोंबड्यांना हार्मोन टोचतात म्हणून त्या फुगतात’ या बोलण्याचे उत्तर या आकड्यांत आहे.

पण त्यावरून चिमटीला कमी लेखू नये. १९५७ पर्यंत जीवनसत्त्वे सगळी सापडली होती, म्हणून जुन्या खाद्याचा पायाही भक्कम होता. तो नसता तर मोजायला पक्षी उरले नसते. आणि चिमटीला मर्यादाही आहे. आजच्या जातीचे मांस इतक्या वेगाने वाढते की पाय आणि हृदय मागे पडतात. लंगडणाऱ्या पिल्लाला १९२० साली माशाचे तेल पुरले, १९३६ साली मॅंगनीज पुरले. आजच्या लंगडण्याचे एक कारण आपण निवडलेल्या वेगात आहे आणि ते कुठल्याही पिशवीत मिळत नाही. खुराड्यात काय नाही हे शोधायला आपण शिकलो. आपणच काय जास्त केले, हे पाहायला अजून शिकायचे आहे.

वर्गात

पिल्लांना उपाशी ठेवून प्रयोग करण्याची काहीच गरज नाही. ते शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले. कोंबडीच्या तंगडीचे हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा. कॅल्शियमचे क्षार विरघळले की ते रबरासारखे वाकते. प्रीमिक्सची रिकामी पिशवी मिळवा आणि तिच्यावरच्या एकेका नावाची गोष्ट एकेका गटाला शोधायला सांगा. व्होर्डरमनचे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा, यावरून ‘तांदळात विष आहे’ हे सिद्ध होते की ‘तांदळात काही नाही’ हे? या आकड्यांनी दोन्ही म्हणता येते. मग फरक ठरवायला कोणता प्रयोग करावा?

आणि एक प्रश्न शेवटी ठेवा. पिशवीवरच्या त्या यादीत ‘क’ जीवनसत्त्व सहसा का नसते? कोंबडी ते स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते. आपल्याला ते जमत नाही. आपल्या ताटात लिंबाची फोड लागते, ती त्यामुळेच.